मॅडमचा रविवार कोणी खाल्ला?

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिल महिना, जयंतीचे दिवस. इंदापूर तालुक्यात आमच्या मावसबहिणीचे गाव आहे. तिथल्या विहारात रविवारी सकाळी महिलांसाठी आरोग्याचा कार्यक्रम ठेवला होता. व्याख्यानाला याच बहिणीच्या मुलीचे, म्हणजे आमच्या भाचीचे नाव ठरले होते. हँडबिले वाटून झाली होती. शनिवारी रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "मामा, मला उद्या जमणार नाही. रागावू नका."

आम्ही रागावलोच. वस्तीतली पहिली एमएस्सी नर्सिंग झालेली मुलगी. नर्सिंग कॉलेजात शिकवते. गावात तिला सगळे 'मॅडम' म्हणतात. तिच्या शिक्षणासाठी आईने दुसऱ्याच्या द्राक्षबागेत आणि डाळिंबाच्या रानात मजुरी केली. अशा मुलीने समाजाच्या कामाला नाही म्हणावे? पोरगी मोठी झाली आणि समाजाला विसरली, असे आम्ही घरात बोलूनही गेलो. आज ते बोलल्याची लाज वाटते, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आठ दिवसांनी आक्का बारामतीला आमच्याकडे आली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तिला राजीनामा द्यायचाय. कागद लिहून पर्समध्ये घेऊन फिरतीय. तू जरा बोल."

आम्ही त्याच संध्याकाळी भाचीच्या घरी गेलो. घर बारामतीतच, भाड्याच्या दोन खोल्या. जावई एमआयडीसीत कामाला, मुलगा पाच वर्षांचा. ती जमिनीवर बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होती आणि गॅसवर वरण उतू जात होते. आम्हाला पाहून उठली आणि एकदम रडायलाच लागली. "मामा, मी वाईट शिकवते असं नाही. मला शिकवायला आवडतं. पण मी नक्की कोण आहे तेच मला कळेना झालंय," असे ती म्हणाली.

त्या वाक्याने आम्ही जागे झालो. पुढे काही महिने या विषयावर मिळेल ते वाचले, ओळखीच्या शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोललो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पदाचा ताण म्हणजे काय?

आपल्याला ताण म्हटले की काम जास्त, पैसा कमी, एवढेच सुचते. पण आणखी एक ताण असतो. तो माणसाच्या स्वभावातून येत नाही, तो बसण्याच्या खुर्चीतून येतो. एखादे पद घेतले की त्या पदाकडून वरचे, खालचे, बरोबरचे आणि घरचे असे सगळे काही ना काही अपेक्षा धरतात. त्या अपेक्षा एकमेकींना छेदू लागल्या की मधल्या माणसाची कोंडी होते. अभ्यासक याला भूमिकेचा ताण म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट काह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्या देशात हा विषय रुजवला तो उदय पारीक यांनी. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ते प्राध्यापक होते. त्यांनी हा ताण मोजण्यासाठी पन्नास विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण. त्यातून दहा प्रकारचे ताण निघतात. भारतातल्या बँका, कारखाने, रुग्णालये आणि कॉलेजे अशा सर्व ठिकाणी ती वापरली गेली आहे. ते दहा प्रकार आम्ही आपल्या भाषेत सांगतो.

घर आणि नोकरी यांची ओढाताण होणे. वर्षानुवर्षे आहे तिथेच साचून राहणे. दोन वरिष्ठांनी दोन उलट गोष्टी सांगणे. आपल्या हक्काचे काम दुसऱ्याकडे जाणे. झेपणार नाही इतके काम अंगावर पडणे. सगळ्यांत असून एकटे पडणे. आपण कमी पडतो असे वाटणे. मन एकीकडे आणि पद दुसरीकडे, अशी फाटाफूट होणे. आपले काम नेमके कोणते हेच न कळणे. आणि शेवटचा, काम करायला लागणारी माणसे, साधने आणि वेळच न मिळणे.

हे दहा प्रकार आम्ही भाचीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मामा, यातले किती माझे ते विचारू नका. कुठला नाही ते विचारा."

एक पगार, चार कामे

शाळेच्या मास्तरांचे काम आपल्याला दिसते. पण आरोग्यविज्ञान शिकवणाऱ्यांचे काम वेगळे आहे. ते समजायला बारामतीचेच उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. वर्षाला १०० विद्यार्थ्यांचा प्रवेश. पहिली तुकडी आली आणि वर्ष पुरे होण्याआधीच, मार्च २०२०मध्ये, कोरोनाची टाळेबंदी लागली. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकीपासून थेट इंदापूरपर्यंतची माणसे आजारपणात बारामतीची वाट धरतात. केसपेपर काढून ओळीत उभे राहताना आतल्या डॉक्टरांना आपण फक्त डॉक्टर समजतो. पण तिथले बरेचसे डॉक्टर प्राध्यापकही असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

अशा प्राध्यापकाच्या वाट्याला चार कामे असतात. पहिले शिकवण्याचे. दुसरे रुग्ण तपासण्याचे, शस्त्रक्रियेचे, रात्री-अपरात्री बोलावणे आले की धावण्याचे. तिसरे संशोधनाचे. आणि चौथे कागदांचे, म्हणजे समित्या, खरेदी, परीक्षा, तपासण्या, अहवाल.

विषयाप्रमाणे त्यात आणखी भर पडते. न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक वर्गात शिकवतात, शवविच्छेदन करतात, आणि जुन्या एखाद्या केसमध्ये साक्षीचे समन्स आले की हातातले काम टाकून कोर्टात हजर होतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकाला प्रयोगशाळेचे रिपोर्टही द्यायचे आणि तासही घ्यायचे. जनऔषधशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचे शास्त्र शिकवणाऱ्यांना गावोगावी जावे लागते. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी लागते. त्या मुलांना घेऊन जाणारा शिक्षकच असतो.

शिकवण्याची रीतही बदलली. २०१९ पासून वैद्यकीय शिक्षणात नवा अभ्यासक्रम आला. नुसते व्याख्यान पुरे होत नाही. छोटे गट करून शिकवायचे, विद्यार्थ्याला कोणते कौशल्य जमले ते एकेक करून पाहायचे, त्याच्या नोंदवहीवर सही करायची. रुग्णाशी कसे बोलावे, त्याची संमती कशी घ्यावी, हेही आता अभ्यासक्रमात आहे. ही सुधारणा चांगलीच आहे. आपल्या आयाबहिणींशी दवाखान्यात नीट बोलणारा डॉक्टर त्यातूनच घडणार आहे. पण शंभर मुलांना एका वर्गात बसवून शिकवायला एक माणूस पुरतो. त्यांचेच दहा-दहाचे गट केले तर किती माणसे लागतील, हा हिशोब आम्हा कारकुनांनाही कळतो.

नर्सिंगमध्ये २०२१ पासून बीएस्सीचा अभ्यासक्रम वर्षाऐवजी सेमिस्टरचा झाला. म्हणजे परीक्षा, गुण, फॉर्म हे सगळे वर्षातून दोनदा. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. पण कागदावरचा प्रत्येक शिक्षक रोज वॉर्डात उभा असतोच असे नाही. जे उभे असतात त्यांच्यावर बाकीच्यांचे काम पडते.

धनी किती?

गावाकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. या शिक्षकांना तर दोनाहून जास्त घरे सांभाळावी लागतात. दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग नियम करतो. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ साली स्थापन झाले, परीक्षा घेते आणि शिक्षकांना मान्यता देते. पगार आणि बदली शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या हाती. रोजचे हुकूम अधिष्ठात्यांचे आणि विभागप्रमुखांचे. खासगी कॉलेज असेल तर वर संस्थाचालक. आणि सर्वांत जवळचा धनी म्हणजे समोर झोपलेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक.

आयोग म्हणतो, किमान ७५ टक्के हजेरी हवी. हजेरी आधारला जोडलेली. आधी बोटाच्या ठशाने होती, २०२५ मध्ये चेहरा ओळखून मोबाइलवर लावण्याची पद्धत आली. बढती हवी तर शोधनिबंध छापून यायला हवेत, शिकवण्याचे आणि संशोधनाचे नेमून दिलेले प्रशिक्षण पुरे व्हायला हवे. विद्यापीठ म्हणते, परीक्षक म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात जा. विभागप्रमुख म्हणतात, ओपीडी सोडून जाऊ नका. यातली एकही मागणी चुकीची नाही. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबरच आहे. पण सगळ्या मागण्या एकाच माणसाच्या, एकाच सकाळी अंगावर येतात.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम अशा मागे राहिलेल्या भागांना कॉलेज मिळाले, याचा आनंदच आहे. आपल्या मुलांच्या जागा वाढल्या. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते आणि अनुभवी प्राध्यापक तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. नव्या ठिकाणी लागणारे अनुभवी शिक्षक जुन्या ठिकाणाहूनच येणार. मग मागे उरलेल्यांचे काम वाढते. जागा वाढवताना शिक्षकही त्याच प्रमाणात वाढवा, ही मागणी आपण करत नाही, कारण हा आपला प्रश्न आहे असे आपल्याला वाटतच नाही.

नांदेडचे उदाहरण

हा आपला प्रश्न कसा आहे, ते नांदेडने दाखवले. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांतल्या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बालके होती. महाराष्ट्र हादरला. ती बाळे गरिबांची होती. त्यांच्या आईबापांचा संताप रास्त होता आणि जाब विचारलाच पाहिजे होता.

पण जाब कसा विचारला गेला? तिसऱ्या दिवशी एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला. त्याचे चित्रण देशभर दाखवले गेले. ते अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे त्या खासदारांवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा नोंदवला गेला. तिकडे अधिष्ठात्यांवरही एका रुग्णाच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला.

संडास स्वच्छ हवेत, यात वाद नाही. सफाईचे काम हलके आहे असेही आम्ही म्हणणार नाही, आमच्या आधीच्या पिढ्यांनी तेच केले. पण सफाईला माणसे आहेत का, औषधाला पैसे वेळेवर येतात का, परिचारिका पुरेशा आहेत का, हे सगळे एका प्रभारी माणसाच्या हातात असते काय? अधिकार नसताना जबाबदारी गळ्यात अडकवणे, हाच या ताणाचा गाभा आहे. आणि अपमान करायची वेळ आली की झाडू कोणाच्या हाती दिला जातो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

एकटेपणाचे ओझे

पारीक यांच्या यादीत एकटे पडण्याचा ताण आहे. आपल्या घरातून पहिल्यांदाच या खुर्चीवर बसलेल्यांना तो दुप्पट होतो. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा तिथल्या काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली होती. आज भांडी वेगळी नाहीत. पण आमची भाची सांगते, डबा खायला सगळ्या मॅडम एकत्र बसतात आणि कोणाची निवड कोणत्या जागेवरून झाली ते हसत हसत विचारले जाते. ती एक दिवस आजारी पडली तर 'यांना झेपत नाही' असे कानावर येते. त्यामुळे ती ताप अंगात घेऊन वॉर्डात जाते. इतर मॅडमची चूक ही त्यांची एकटीची चूक असते. हिची चूक मात्र सगळ्या समाजाच्या नावावर मांडली जाते.

आणि हे ओझे फक्त बाहेरचेच देतात असे नाही. आम्हीही देतो. "तू आमचा अभिमान आहेस" असे म्हणून आम्ही तिला थकण्याची परवानगीच ठेवली नाही.

आठवड्याचा जमाखर्च

आम्ही बीकॉम झालेले, ऑफिसात वह्याच लिहितो. म्हणून त्या रात्री भाचीला म्हटले, "राजीनाम्याचा कागद दे इकडे. त्याच्याच पाठीवर हिशोब मांडू." आठवड्याचे तास १६८. हे झाले जमा. आता खर्च बघू.

सकाळी सव्वासातला घर सोडायचे, एसटीने जायचे, वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर उभे राहायचे, दुपारी तास घ्यायचे, संध्याकाळी साडेसहाला परत यायचे. रोजचे सव्वाअकरा तास. सहा दिवसांचे ६७ तास ३० मिनिटे. घरी वह्या, प्रश्नपत्रिका, नोंदवह्या रोज दोन तास, म्हणजे १२. रविवारी कॉलेजच्या तपासणीच्या फायली आणि फोन, ४ तास. स्वयंपाक, मुलगा, पाणी, धुणे रोज चार तास, म्हणजे २८. झोप रोज सहा तास, म्हणजे ४२. बेरीज १५३ तास ३० मिनिटे. शिल्लक राहिले साडेचौदा तास. दिवसाला दोन तास चार मिनिटे. त्यात अंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास, आजारपण, पाहुणे आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलणे.

बारमाही कारखान्यांतल्या कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. शिक्षकाला कारखान्याचा कायदा लागू नाही. पण माणसाचे शरीर तेच असते. निवासी डॉक्टरांसाठी तरी बोलले जाते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांवर जाऊ नये अशी शिफारस केली. त्या विद्यार्थ्यांना सांभाळायचे कोणी? शिक्षकांनी. आणि शिक्षकांना?

मग आम्ही खर्चाच्या बाजूला आणखी एक रकाना पाडला: ही कामे सांगितली कोणी? त्यात निघाले की वॉर्ड, तास, वह्या ही तिची खरी कामे. रविवारच्या फायली तिच्या नव्हेत, त्या ऑफिसच्या. मे-जूनमध्ये गावोगाव फिरून प्रवेश मिळवून आणायचे काम तर शिक्षकाचे मुळीच नव्हे, पण तेही तिच्या माथी. पगार दोन-दोन महिने मागे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घेतलेली.

ती थांबली. म्हणाली, "मामा, एक राहिलं. रागावणार नसाल तर लिहिते." आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिले, 'समाजाचे काम. महिन्यातले दोन रविवार. सांगणारे, मामा.'

आम्ही गप्प झालो. खरेच होते. आरोग्य शिबिर असले की तिला बोलवा. कोणाचा बाप दवाखान्यात असला की तिला फोन करा. "मॅडम, तुमची ओळख असेल ना, जरा सांगून बघा." तिचे जे दोन-चार तास उरत होते, ते आम्हीच खात होतो. वर, ती समाजाला विसरली असा ठपकाही आमचाच.

पुढे काय झाले?

राजीनाम्याचा कागद हिशोबात खर्ची पडला. दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद लिहिला. त्यात तक्रार नव्हती. आपण आठवडाभर कोणकोणती कामे करतो त्याची यादी, तासांसह. आणि शेवटी विनंती, माझ्या कामाचे वाटप लेखी मिळावे. प्राचार्यांना ती यादी वाचून आश्चर्य वाटले. त्याही त्याच फेऱ्यात अडकलेल्या होत्या. फायलींचे काम चौघींत वाटले गेले, प्रत्येकीला महिन्यातून एकच रविवार येऊ लागला. प्रवेशासाठी फिरण्याचे काम मात्र सुटले नाही. पगारही लगेच वेळेवर आला नाही. सगळे सुरळीत झाले असे आम्ही खोटे लिहिणार नाही.

घरात मात्र बदल झाला. जावयांची पहिली पाळी असली की संध्याकाळचा स्वयंपाक ते करतात. पहिल्या दिवशी भाकरी करपल्या, आता नीट होतात. आक्का आठवड्यातले दोन दिवस नातवाकडे येऊन राहते. भाचीने शैक्षणिक वर्ष पुरे केले, अनुभवाचा दाखला घेतला आणि सरकारी जागेसाठी अभ्यास सुरू केला. होईल न होईल, ते पुढे कळेल. परवा ती म्हणाली, "आता निदान माझं काम कोणतं आणि माझं नाही कोणतं, ते मला कळतं. रात्री झोप लागते."

आपण काय करावे?

बांधवांनो आणि भगिनींनो, आपल्या वस्त्यांतून आज मुले-मुली नर्सिंगला, फार्मसीला, डॉक्टरकीला जात आहेत. त्यातली काही उद्या शिक्षक होतील. ती मुले तिथे टिकावीत म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१. घरात असा शिक्षक असेल तर 'पगार किती' याबरोबर 'झोप किती' हेही विचारा. आठवड्याचा हिशोब घरात बसून मांडा. घरचे काम सगळ्यांत वाटून घ्या. ते काही फक्त सुनेचे नाही.

२. आपल्यावर येणारा ताण आपल्या नालायकीचा पुरावा आहे, असे मुलांना समजू देऊ नका. कामाची यादी लेखी करा, वाटप लेखी मागा, एकट्याने न जाता बरोबरीच्या शिक्षकांना घेऊन जा. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. आणि तब्येत ढासळत असेल तर केवळ लोक काय म्हणतील म्हणून तिथे राहूही नका.

३. झोप उडाली, सारखे रडू येते, जगण्यात राम वाटत नाही, असे झाले तर तो आजार समजून मदत घ्या. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येते. कामाच्या ताणाने येणाऱ्या पूर्ण थकव्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये घेतली आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

४. दवाखान्यात गेल्यावर समोरचा डॉक्टर किंवा सिस्टर रात्रभर जागी असू शकते, हे ध्यानात ठेवा. चूक झाली तर लेखी तक्रार जरूर करा, तो आपला हक्क आहे. हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि मोर्चा काढायचाच असेल तर एका सिस्टरवर नको, रिकाम्या जागा भरा या मागणीसाठी काढा.

आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी एक शेवटचे. समाजकार्य हे मोठे काम आहे, पण ते ज्यांच्या जिवावर चालते त्यांना आधी विचारा. यंदाच्या जयंतीला आम्ही भाचीला व्याख्यानाला बोलावले नाही. नुसते जेवायला बोलावले. ती आली, पोराला मांडीवर घेऊन बायकांत मागे बसली, खीर खाल्ली आणि दुपारी आमच्याच घरात तीन तास गाढ झोपली. आक्काने दार लोटून घेतले आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांना सांगितले, "आरडू नका रे, मॅडम झोपल्यात."